‘काढतो की’ कोण म्हणालं?

ये, अशी जवळ येऊन बस. लांब कशाला बसतीस, मी काय खाणार आहे व्हय तुला? आणि तो फोन आधी पालथा ठेव. काल तुझ्या भिशीच्या ग्रुपवर कुणा बाईची एक क्लिप आली, तू ती शेवटपर्यंत बघितलीस, ‘शी, काय बाई तरी’ म्हणालीस आणि तशीच पुढं तिघींना पाठवलीस. पाठवलीस का नाही? बोल की. मला कसं कळलं म्हणून डोळे मोठे करू नकोस. मला काही कळलं नव्हतं, मी नुसता खडा टाकला. आता तुझ्या तोंडाकडं बघून कळलं.

हे असं झालंय बघ माझं. सत्तरीला टेकले, पण समोर कुणी बसलं की पहिला विचार मनात येतो, हिनं काय दडवलंय? भाजीवाली म्हणाली मेथी आजचीच आहे, तर मी देठ मोडून बघते. भाचा म्हणाला सहज आलोय, तर मी त्याच्या पिशवीकडं बघते. धंद्यानं लावलेली खोड आहे ही, आणि धंदा असा की त्यात ही खोड नसली तर पोट भरत नाही.

धंदा काय ते सांगते. हल्ली बायका, पुरुष, कुणीही मोबाईलवर काहीतरी शिकवतात, दाखवतात, आणि महिन्याची वर्गणी भरली त्यांनाच ते बघायला मिळतं. कुणी स्वयंपाक, कुणी नाच, कुणी व्यायाम, कुणी स्वतःचे फोटोसुद्धा. मग त्या सभासदांतलाच एखादा ते उचलतो आणि फुकट बाहेर सोडतो. बाहेर सुटलेलं हुडकून काढायचं आणि तिथून हलवायचं, हे माझं काम.

मी शिकलेली म्हणशील तर मॅट्रिक. शाहूपुरीत टायपिंगचा क्लास चालवला आणि जोडीला कोर्टाची कामं घेतली. वकिलांच्या नोटिसा बडवून बडवून ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ बोटांत मुरलं, इंग्रजीतलं पण आणि मराठीतलं पण. पुढं मशिनं भंगारात गेली, कॉम्प्युटर आला, तो मीच उघडून, बिघडवून शिकले. क्लासची एक जुनी विद्यार्थिनी वर्गणी घेऊन कांदा-लसूण मसाल्याचे धडे द्यायची. कुणीतरी तिचे सगळे धडे फुकट टाकून दिले. ती रडत माझ्याकडं आली. मी म्हटलं, रडतीस काय, नोटीस मारू. इंग्रजीत ठणठणीत पत्र लिहिलं: हे माझ्या अशिलाच्या मालकीचं आहे, विनापरवाना लावलं आहे, त्वरित काढावं. तिसऱ्या दिवशी गेलं. मला वाटलं, एवढंच? पण एवढंच नसतं, ते पुढं कळत गेलं.

लोकांना वाटतं मी कॉम्प्युटरमध्ये हात घालून पुसते. मला काही पुसता येत नाही. मला पत्र लिहिता येतं. ज्या साइटवर माल लागलाय तिला पहिलं पत्र. तिनं दाद दिली नाही तर ती साइट ज्याच्या जागेत भाड्यानं बसलीय त्या कंपनीला दुसरं. आणि सर्चमध्ये नाव टाकल्यावर ते वर येऊ नये म्हणून सर्चवाल्यांना तिसरं. कुठं मालकीचा मुद्दा चालतो, कुठं अब्रूचा, कुठं पोलिसांच्या तक्रारीचा कागद लागतो. एका ठिकाणचं गेलं की दुसऱ्या दोन ठिकाणी येतं, हरळीसारखं. आणि हे सगळं हुडकायचं म्हणजे बघावं लागतंच, पण मी एक करते. स्क्रीनवर चित्र आलं की त्यावर वहीचा पुठ्ठा धरते, आणि वरचा पत्ता तेवढा उतरून घेते. ओळख पटवायला एकदा बघायचं, बास. जी बाई मदत मागायला आली तिला आपणच शंभरदा बघायचं, हे मला पटत नाही.

गिऱ्हाइकं पण एकेक. एक मुलगी आली, पंचविशीची, पैसे भरणाऱ्यांना स्वतःचे फोटो दाखवायची. कसले ते तू समज. माझ्या कपाळाला आठी पडली, आणि तिनं ती बघितली.

“मावशी, तुम्ही फोटो काढणार का आठ्या घालणार?”

लाजले मी. दुकानातली साडी कुणी उचलून पळालं तर आपण त्याला चोर म्हणतो, साडी कसली होती ते विचारत नाही. काढले तिचे. पुढं तिनं दोन गिऱ्हाइकं मला आणून दिली.

आणि एक मुरगूडकडचा पावणा आला होता. शर्ट इस्त्रीचा, बोलणं तुपातलं. म्हणाला, “बहिणीचे फोटो फुटल्यात. कुठं कुठं हायत तेवढी यादी करून द्या. काढायचं माझं मी बघतो.”

“बहिणीला घेऊन या की, पावणं.”

“ती येत न्हाय, लाजती.”

“मग फोनवर बोलू दे.”

“फोनवर पण बोलत न्हाय ती.”

“मुकी हाय व्हय?”

तो उठला, चपला पायात अर्ध्या अडकवूनच जिना उतरला. अगं, यादी हाच तर माल असतो! कुठल्या बाईचं काय कुठं लागलंय याची यादी मी करून द्यायची, आणि ह्यानं बसून बघायचं, नाहीतर तिलाच धमकवायचं. तेव्हापासून नियम केला. जिचं आहे तिनं स्वतः यायचं, आणि मी हजार प्रश्न विचारणार. फोन कुणाकुणाच्या हातात असतो? पासवर्ड कुणाला माहीत आहे? दुरुस्तीला कधी दिला होता? नवऱ्याशी बरं आहे का? बायका चिडतात, पण उत्तरं देतात.

आता जी गोष्ट सांगायला तुला बसवलं ती सांगते. नावंगावं मी बदलली आहेत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

कबनूरची सुजाता. नवरा यंत्रमागावर कामाला. हिनं व्यायामाचं रीतसर शिक्षण घेतलेलं. बाळंतपणानंतर पोट सुटतं, कंबर धरते, त्यावरचे व्यायाम ती मोबाईलवरून शिकवायची. फक्त बायकांना, महिन्याच्या वर्गणीवर. साठेक बायका होत्या, आजऱ्यापासून मिरजेपर्यंतच्या. कपडे व्यायामाचे, घट्ट. पलीकडं माग चालू असले की आवाज यायचा, म्हणून माग बंद असतील त्या दिवशी दार लावून ती रेकॉर्ड करायची. सासूनं परवानगी दिलेली, पण अट एक: बायकांपुरतं राहिलं पाहिजे. बाहेर दिसलं त्या दिवशी बंद.

आणि ते बाहेर दिसलं. एका मेसेजच्या ॲपवरच्या ग्रुपवर, धड्यांचे तुकडे करून, वर अशी नावं देऊन की मी इथं लिहीत नाही. सुजाता आली तेव्हा तिनं खुर्चीसुद्धा ओढून घेतली नाही. उभ्यानंच म्हणाली, “मावशी, गल्लीत कळायच्या आत काढा. वर्ग गेला तर मी परत मागाच्या कांड्या भरणार, आणि जन्मभर ऐकून घेणार.”

ग्रुप चालवणाऱ्याचं नाव इंग्रजी, फोटो कुठल्यातरी गोऱ्या बाईचा. मी इंग्रजीत तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. ॲपवाल्यांना लिहिलं, त्यांनी ग्रुप बंद केला, चार दिवसांत तोच दुसऱ्या नावानं उघडला. शेवटी एक दिवस सुजाताला राहवलं नाही. माझ्यासमोर बसून तिनं मराठीत लिहिलं, ‘मी दोन लेकरांची आई आहे, कृपा करून काढा.’ आणि पहिल्यांदा तिकडून उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत.

‘थांबा. काढतो की.’

काढलं काहीच नाही, पण मी खुर्चीतून उठले. “सुजाता, ही गोरी बाई आपल्यातली हाय!”

तो ‘की’ बघ. दुसरीकडचा माणूस ‘काढतो’ म्हणून थांबेल. हा ‘की’ आपल्या पाण्यातला. मग मी पुढची हुशारी केली. पुण्याचा माणूस म्हणेल, ‘काढतो’ म्हणजे पुरुष. पण आपल्याकडं बायका काय म्हणतात? मी येतो, मी जातो, मी करतो. माझी आई तसंच बोलायची, मीही तसंच बोलते. लिहिताना ‘येते, जाते’ लिहिते, कारण टायपिंगच्या परीक्षेला मास्तरांनी त्यावरून झोडलं होतं. मी सुजाताला म्हटलं, “वर्गात सगळ्या बायकाच हायत नव्हं? मग हे ‘काढतो’ बाईचंच हाय.” काय ती माझी ऐट! परगावच्या कुणाला हे सुचलंच नसतं, म्हणून मीच माझ्यावर खूश.

आता साठांतली कुठली? त्याला एक युक्ती आहे. वेगवेगळ्या सभासदांना थोडी वेगवेगळी प्रत द्यायची आणि बाहेर कुठली येते ते बघायचं. मी बांगड्या निवडल्या. सुजातानं एकच धडा तीनदा रेकॉर्ड करायचा, एकदा हातात हिरव्या, एकदा लाल, एकदा मिसळ. साठांचे तीन भाग करून एकेका भागाला एकेक प्रत. मोकळा हात हा चौथा प्रकार मी सुचवला, तर म्हणाली, “सासूबाई हातच ठेवणार न्हाईत.”

पहिल्या आठवड्याला बाहेर लाल आल्या. वीस उरल्या. त्यांचे परत तीन भाग. हिरव्या आल्या, सात उरल्या. मग मिसळ आल्या, तीन उरल्या. एक मास्तरीणबाई, एक नर्स, आणि तिसरी वैशाली.

वैशाली म्हणजे सुजाताची नणंद, आजऱ्याला दिलेली. हा वर्ग निघाला तोच तिच्यामुळं. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती, कंबर धरलेली, सुजातानं तिला व्यायाम शिकवले, आणि तिनंच म्हटलं, वहिनी, हे मोबाईलवर टाका, बायका पैसे देतील. पहिल्या धड्यात वैशालीच आहे. सुजाता तिच्या पोटाला फडकं कसं बांधायचं ते दाखवते.

शेवटच्या आठवड्याला मास्तरीणबाईंना हिरव्या, नर्सला लाल, वैशालीला मिसळ. दोन दिवसांनी बाहेर आल्या त्या मिसळ.

सुजातानं तो तुकडा परत एकदा लावून बघितला. म्हणाली, “वैशू असं करायची न्हाय.” मी म्हटलं, “सगळ्या असंच म्हणतात.” तिनं माझ्या खोलीतूनच फोन लावला, आवाज मोठा करून, मला ऐकू यावा म्हणून.

“वैशू, वर्गाचे व्हिडिओ तू कुणाला दिलेस?”

“कुणाला देऊ? काय झालं वहिनी?”

“खरं सांग. बाहेर तूच पाठवतीस.”

“डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? मी कशाला पाठवतो?”

मी टेबलावर बोट आपटलं आणि पुटपुटले, “बघ, पाठवतो म्हणती. तेच बोलणं.”

तिला ते ऐकू गेलं. “तिथं कोण बसलंय? कोण बोलतंय माझ्याबद्दल?” आणि पोरीचा आवाज एकदम खाली आला. “वहिनी, पहिल्या धड्यात माझंच पोट उघडं हाय. ते मी गावाला दाखवतो व्हय?”

सुजातानं माझ्याकडं बघितलं. तिथं मी ‘थांब’ म्हणायला हवं होतं. मी हात हलवला, पुढं बोल म्हणून. माझ्या मनात काय आलं सांगू? स्वतःला त्यात ठेवलंय म्हणजे संशय येणार नाही, हाच हिचा कावा. शंका एकदा आत शिरली की समोरच्याचा खरेपणासुद्धा तिच्याच पोटात जातो.

वैशालीचं सभासदत्व बंद केलं. पुढच्या आठवड्याला काहीच फुटलं नाही, त्याच्या पुढच्याही. झालं, शिक्कामोर्तब. जुनं मी एकेक करून काढत आणलं. वैशालीनं माहेरी येणं बंद केलं. मी मात्र बांगड्यांची ही युक्ती दोन-चार जणांना रंगवून सांगितली, चहा घेत घेत.

मग पाचेक महिन्यांनी आजऱ्याच्या बाजूची एक बाई आली. तिचे घरगुती फोटो फुटलेले, आणि कुठं? त्याच ग्रुपवर, त्याच गोऱ्या बाईच्या चेहऱ्याखाली. हिचा ना व्यायामाशी संबंध, ना सुजाताशी. मी नेहमीचे प्रश्न काढले. दुरुस्तीला फोन कधी दिला होता?

“दिलता की. काच फुटलेली. दुकानदार म्हणाला, पिन सांगून ठेवा, तपासून देतो. दोन दिवस ठेवून घेतला.”

मी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न मी येणाऱ्या प्रत्येकीला विचारते. वैशालीला विचारला नव्हता, कारण ती माझ्याकडं गिऱ्हाईक म्हणून आलीच नव्हती. तिला मी आरोपी करूनच बसवली होती.

सुजातानं सासूला विचारलं. सासू म्हणाली, “व्हय, बारक्यानं वैशूचा फोन आपटलता, काच बदलली.” दुकान कुठलं तेही तिनं सांगितलं. तेच. मग रीतसर तक्रार झाली, पोलिसांनी त्याचा कॉम्प्युटर उचलला. माणूस पन्नाशीचा, बोलायला गोड, बायकांना ‘ताई’शिवाय हाक मारायचा नाही. दुरुस्तीला आलेल्या फोनमधली खाती त्यानं आपल्याकडं उघडून ठेवली होती, एक-दोन नव्हे, कितीतरी बायकांची. वैशालीच्या खात्यातून दर आठवड्याला नवा धडा तो आरामात उतरून घ्यायचा. आम्ही खातं बंद केलं, म्हणून त्याचं फुटायचं थांबलं.

बांगड्यांनी चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं. खातं कुणाचं ते सांगितलं. त्या खात्यावर बोट कुणाचं होतं ते बांगड्यांना कसं कळणार? ते मी माझ्या मनानं भरलं. आणि ‘काढतो’ म्हणणारा साधा सरळ पुरुष होता. पुण्याच्या माणसानं पहिल्या झटक्यात बरोबर सांगितलं असतं.

सुजाताच्या सासूला सगळं कळलंच. मला वाटलं, संपला वर्ग. तर म्हातारी म्हणाली, “व्यायामच हाय नव्हं त्यो? चोरानं चोरलं म्हणून आपण का दुकान बंद करायचं? चालू दे.” वर्ग चालू आहे. सभासद वाढल्या.

सुजाता आजऱ्याला जाऊन आली. वैशालीनं चहा केला, जेवूनच जा म्हणाली. आणि निघताना दारात म्हणाली, “वहिनी, तुम्ही माझ्या भावाची बायको, तुमच्याशी भांडून मी कुठं जाणार? पण त्या टायपिंगच्या मावशीचं मला तोंड बघायचं न्हाय. आणि सांगा त्यास्नी, मी ‘करतो’च म्हणणार. ‘करते’ म्हणायला मी काय पुण्याची न्हाय.”

बरोबर आहे तिचं. मी तिला दोनदा फोन केला, तिनं आवाज ओळखून ठेवून दिला. मी म्हटलं, असू दे, राग ओसरेल, वाट बघू. पण वाट बघायला सवड नाही, अडचण अशी आहे.

सुजाताचे सगळे धडे निघाले. एक सोडून. पहिला, वैशालीचा. तो अजून दोन ठिकाणी आहे. त्या दोन साइट अशा की मालकीचं पत्र त्या मानत नाहीत. सुजातानं लिहिलं, मी लिहिलं, पोलिसांचा कागद जोडला, तरी उत्तर एकच: चित्रात जी बाई आहे तिची स्वतःची तक्रार आणि सही पाहिजे, ओळखपत्रासकट. मी वैशालीला पोस्टानं कागद पाठवला, तो सहीवाचून तसाच राहिला. दर सोमवारी मी बघते. वरचा पत्ता वाचते, खाली पुठ्ठा धरते. आहे. परत सोमवार, परत आहे. बघणाऱ्यांचा आकडा तिथं खाली लिहिलेला असतो, तोही वाढलेला असतो. माझ्या हातून इतक्या बायकांचं निघालं, आणि जिच्यावर मी खोटा आळ घेतला तिचंच तेवढं लागून राहिलंय, माझ्यावरच्या रागापायी. राग खरा आहे. पण तो तिलाच महाग पडतोय, आणि ते मला बघवत नाही.

संपादक म्हणाले, दिवाळी अंकाला तुमच्या कामाबद्दल काहीतरी गमतीदार लिहा. गमतीदार होतं तेवढं वर लिहिलं. बाकीचं एकीसाठी आहे. हा अंक तिच्या घरी येतो असं सुजातानं मला सांगितलंय, आणि वाचता वाचता आपण कोण ते तिला कळलं असेल.

तर बाई, तुझंच बोलतेय मी आता. मी तुझं ऐकून घेतलं नाही. तुझ्याबद्दल बोलले ते हळू बोलले, पण बोललेच, आणि तू खरं सांगत असताना हात हलवला. त्याची माफी मागते. ती दे म्हणत नाही. दुसऱ्या कुणाकडून काम करून घ्यायचं असेल तर तसं कर, मी सगळे कागद सुजाताच्या हातात देईन, एक शब्द बोलणार नाही. पण पत्र माझ्याकडं तयार आहे, वाचून घे, पटलं नाही तर खोड. मी समोर नको असेन तर मी शेजारच्या वहिनींकडं जाऊन बसते, सही झाली की तू निघून जा. आणि तोंडावर काही बोलायचं असेल तर त्यासाठी हवा तेवढा वेळ घे, मी घरीच असते. जिना थोडा उभा आहे, लेकराला कडेवर घेऊन सावकाश चढ. येताना ओळखपत्र तेवढं आण. आणि सोमवारच्या आत ये गं.